बाळाची टाच आणि आईचा जीव

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या टाचेत सुई टोचली म्हणजे काय घडते, हे आम्ही बालरोगतज्ज्ञ रोज पाहतो; आणि जे रोज दिसते त्याकडे पाहणे हळूहळू सुटते. बाळाच्या कपाळावर आठी उमटते, डोळे घट्ट मिटतात, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होते, नाडी धावू लागते आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण खाली येते. या पाच खुणा, बाळाचे गर्भवय आणि टोचण्यापूर्वीची त्याची झोप-जागेची अवस्था अशा सात गोष्टींना गुण देऊन वेदना मोजण्याची पट्टी कॅनडातील बॉनी स्टीव्हन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. 'पिप' या छोट्या नावाने ती आज जगभर ओळखली जाते.

अशी पट्टी तयार करावी लागली, यामागे वैद्यकशास्त्राला फारसा भूषणावह नसलेला इतिहास आहे. नवजात बाळाची मज्जासंस्था अपक्व असते, सबब त्याला वेदना होत नाहीत, निदान त्या आठवत तरी नाहीत, असे विसाव्या शतकात बराच काळ मानले जाई. १९८० नंतरच्या दशकातही काही ठिकाणी मुदतपूर्व बाळांवर हृदयाजवळची शस्त्रक्रिया केवळ स्नायू शिथिल करणारे औषध देऊन, पुरेशा भुलीवाचून होत असे. या समजाला पहिला सबळ धक्का देणारे डॉ. कंवलजीत सिंग आनंद हे आपल्याच मध्य प्रदेशातील इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले आणि तेथे त्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या मुदतपूर्व बाळांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके मोजली. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाने दाखवून दिले की, फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांमध्ये ही संप्रेरके फारशी उसळत नाहीत आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होते. 'बाळ रडते ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया' हे म्हणणे त्यानंतर शास्त्रीयदृष्ट्या टिकले नाही. त्यांनी वेदनेचा माग काढला तो ताणाच्या रसायनांतून, हे लक्षात ठेवावे. कारण पुढे आपल्याला त्याच वाटेने आईपर्यंत जायचे आहे.

शस्त्रक्रिया थोड्या बाळांच्या वाट्याला येते; सुई मात्र जवळजवळ सर्वांच्या. रक्तातील साखर, कावीळ, जंतुसंसर्गाच्या तपासण्या, सलाइनची शीर, नाकातील नळी, चिकटपट्टी ओढून काढणे. पॅरिस परिसरातील ४३० नवजात बाळांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक बाळाला दिवसाला सुमारे १० वेदनादायक प्रसंगांना तोंड द्यावे लागत असल्याचे आढळले, आणि अशा प्रसंगांपैकी ७९ टक्क्यांहून अधिक वेळा वेदना कमी करण्याचा कोणताही खास उपाय योजला गेला नव्हता. ही पॅरिसची गोष्ट. आपल्या जिल्ह्यांतल्या कक्षांत, जिथे एका परिचारिकेच्या नजरेखाली किती बाळे असतात हे आपण जाणतोच, तेथील हिशेब वाचकांनी मनाशी करावा.

यावर फार स्वस्त, औषधाच्या दुकानात न मिळणारा उपाय आहे. आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये, लंगोट व टोपरे एवढ्यावर बाळाला उभे धरून ठेवणे, म्हणजे कांगारू पद्धत. कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी १९७८ मध्ये ती सुरू केली तेव्हा वेदनेचा विचार त्यांच्या मनात नव्हता. रुग्णालयात गर्दी होती, संसर्गाने बाळे दगावत होती, म्हणून आईलाच ऊबपेटी करावे, एवढाच हेतू. पुढे माँट्रियलच्या सेलेस्ट जॉन्स्टन यांनी या पद्धतीकडे वेदनाशामक म्हणून पाहिले. २००३ मध्ये ३२ ते ३६ आठवड्यांच्या, तर २००८ मध्ये २८ ते ३१ आठवड्यांच्या बाळांवर त्यांनी प्रयोग प्रसिद्ध केले. दुसऱ्या प्रयोगात टाचेला टोचण्यापूर्वी १५ मिनिटे बाळ आईच्या अंगावर होते. ऊबपेटीतील बाळाला सावरण्यास सरासरी १९३ सेकंद लागले, आईच्या छातीवरील बाळाला १२३. सत्तर सेकंदांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. एक किलोच्या जिवाला सत्तर सेकंद रडणे म्हणजे किती प्राणवायूचा आणि किती शक्तीचा खर्च, हे कक्षात काम केलेल्याला वेगळे सांगायला नको. गुजरातेत करमसदच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगातही कांगारू पद्धतीने 'पिप'चे गुण उतरल्याचे दिसले. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्याने अशा २५ अभ्यासांचा परामर्श घेऊन ही पद्धत परिणामकारक व निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला.

येथवर सारे ठीक. परंतु या निबंधांतून 'आई' हा शब्द ज्या प्रकारे येतो, तो मला नेहमी खटकत आला आहे. पंधरा मिनिटे आई, तीस मिनिटे आई. जणू ती ठरावीक मात्रेत मिळणारी वस्तू. प्रत्यक्षात आपल्या कक्षाच्या दारात येणारी आई कशी असते? लांजी, कटंगी किंवा बैहरकडून रात्रीच्या रुग्णवाहिकेने आलेली. पोटावर ताजे टाके. नवरा नागपूर किंवा हैदराबादकडे कामाला गेलेला, फोनवर 'पैसे पाठवतो' म्हणणारा. घरी एक मोठे मूल शेजारणीकडे ठेवलेले. सासूला सोयर आणि पाचवीची काळजी, कारण सटवाईच्या रात्री बाळ आईजवळ नाही. आजूबाजूला हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी एकदमच बोलली जात असते, आणि डॉक्टर जे सांगतात त्यातले निम्मे तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अशी आई दीड किलोचे, नळ्या लावलेले बाळ छातीशी धरते तेव्हा तिचे खांदे वर चढलेले असतात आणि श्वास अडखळत असतो. त्याच वेळी आपण सुई घेऊन पुढे होतो.

मग प्रश्न असा की, तिच्या त्या धास्तीतले काही बाळापर्यंत पोहोचते काय?

थोडे शरीरशास्त्र पाहू. आईच्या अंगावर बाळाला दिलासा देणाऱ्या गोष्टी एकाहून अधिक आहेत: त्वचेची ऊब, हळुवार स्पर्शाला प्रतिसाद देणारे मंदगती चेतातंतू, आईचा वास, हृदयाचे ठोके, श्वासाबरोबर छातीचे वरखाली होणे आणि स्पर्शातून दोघांतही वाढणारे ऑक्सिटोसिन. मुदतपूर्व बाळाचा मेंदू वेदनेचा संदेश ग्रहण करू शकतो. पण तो संदेश वरून खाली दाबून टाकणारी यंत्रणा अजून तयार झालेली नसते. थोडक्यात, ब्रेक नसलेली गाडी. तो ब्रेक काही काळ आईचे शरीर पुरवते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. आता या यादीतील ऊब आणि वास आई घाबरली म्हणून नाहीसे होत नाहीत. ठोके, श्वास, स्नायूंचा ताठरपणा आणि संप्रेरके यांवर मात्र तिच्या मनाचा थेट अंमल चालतो.

सॅन फ्रान्सिस्को येथे सारा वॉटर्स व सहकाऱ्यांनी केलेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. वर्षभराच्या बाळांच्या मातांना बाळापासून थोडा वेळ दूर नेऊन काहींना नापसंतीचे चेहरे करणाऱ्या परीक्षकांसमोर बोलायला लावले. परत आल्यावर बाळ जवळ घेताच काही मिनिटांत आईच्या शरीरातील ताण बाळाच्या हृदयाच्या नोंदींत उमटू लागला. बाळाने तो प्रसंग पाहिलेला नव्हता. नंतरच्या प्रयोगात आईच्या मांडीवर बसवलेल्या बाळांमध्ये हा मेळ अधिक दिसला. स्पर्श हा दुतर्फा रस्ता आहे, एवढे यावरून कळते. अर्थात ही बाळे धडधाकट आणि वर्षाची होती; आपल्या कक्षातील बाळांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे उतावळेपणाचे होईल.

आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळ जाणारे काम स्वीडनमधील एव्हालोट्टा मोरेलियस यांचे. नवजात अतिदक्षता कक्षातील माता व बाळे यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल त्यांनी कांगारू पद्धतीच्या आधी, दरम्यान व नंतर मोजले. २००५ च्या त्यांच्या निबंधानुसार बाळ अंगावर घेतल्यावर मातांचे कॉर्टिसॉल सुमारे एक-तृतीयांशाने उतरले, नाडी संथ झाली, मनःस्थिती सुधारली. बाळांची नाडी आणि वेदनेचे गुणही उतरले. बाळांच्या कॉर्टिसॉलची गोष्ट मात्र सरळ नव्हती. काहींचे उतरले, काहींचे चढले, आणि पहिल्या खेपेस दिसलेली ही तफावत चौथ्या खेपेपर्यंत कमी झाली. मला या निबंधातील हा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. जोडी जुळायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी आईलाही बाळाची भीती असते, 'मोडेल का?' म्हणून. तेव्हा आई पहिल्यांदाच बाळ छातीशी घेत असेल, तर त्या वेळी सुई अजिबात नको, हा नियम मी या अभ्यासावरून स्वतःपुरता काढला आहे.

आणखी एक गोष्ट आम्हा डॉक्टरांना अस्वस्थ करणारी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील लॉरा जोन्स, लोरेन्झो फॅब्रिझी प्रभृतींनी २०१७ मध्ये नवजात बाळांच्या टाचेला टोचताना मेंदूच्या विद्युत्लहरी आणि चेहऱ्यावरील हावभाव एकाच वेळी नोंदले. ज्या बाळांवर आधीपासून ताण होता, त्यांच्या मेंदूतील वेदनेची लहर मोठी होती. पण चेहऱ्यावर ती त्या प्रमाणात दिसत नव्हती. याचा व्यवहारातील अर्थ असा की, आठ तास हाताळले गेलेले, थकलेले बाळ सुई टोचल्यावर शांत पडून राहिले, तर 'शहाणे बाळ आहे' असे म्हणून पुढे जाता येत नाही. त्याच गटाच्या पुढील अभ्यासात असेही दिसले की, आईने कपड्यांवरून धरलेल्या बाळापेक्षा अंगाला अंग लावून धरलेल्या बाळाच्या मेंदूतील वेदनेची लहर कमी असते. कुशीत घेणे आणि कांगारू पद्धत यांत साडीच्या पदराएवढेच अंतर असले, तरी बाळाच्या मेंदूला ते कळते.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो असा. 'तुझ्या टेन्शनचा बाळाला त्रास होतो' हे वाक्य मी डॉक्टरांकडून, परिचारिकांकडून, सासवांकडून आणि कधी नवऱ्याकडूनही ऐकले आहे. वर सांगितलेल्या संशोधनाचा अर्धवट वाचलेला अर्थ नेमका हाच निघू शकतो, आणि तो घातक आहे. दिवस अपुरे पडले याचा ठपका तिने आधीच स्वतःवर ठेवलेला असतो: 'मी जड उचललं', 'मी शेतात गेले'. त्यावर आता बाळ रडले तेही तिच्याच काळजीमुळे, असे सांगितले, तर ती दुसऱ्या दिवशी छातीशी बाळ घ्यायलाच धजणार नाही. पुराव्याचा कल याच्या नेमका उलट आहे. ज्या मातांवर हे प्रयोग झाले त्या काही निश्चिंत नव्हत्या. सगळ्याच अतिदक्षता कक्षातल्या, घाबरलेल्या आया होत्या, आणि तरीही बाळाच्या वेदना कमी झाल्या. शिवाय तिचा ताण उतरवण्याचे हुकमी साधनही तेच: बाळ अंगावर घेणे. म्हणून आईच्या ताणाकडे उपचाराची गरज म्हणून पाहावे.

तो ताण येतो कोठून, याचेही उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक मार्गारेट माइल्स यांनी अतिदक्षता कक्षातील पालकांचा ताण मोजण्याची प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. यंत्रांचे आवाज, बाळाचे रूप आणि पालकपण हिरावले जाणे असे तीन भाग तिच्यात आहेत. ही प्रश्नावली वापरून निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांत बहुधा तिसरा भाग सर्वांत जड भरतो. बाळाला दुखते आहे आणि मी बाहेरच्या बाकावर बसून आहे, हेच ते. आमच्याकडे लांजीकडच्या एका मातेने मला विचारले होते, "त्याले दुखते का जी?" मी हो म्हटले. "मंग मले आत येऊ द्या. मी काही बोलणार नाही, फक्त धरून बसतो." स्वतःबद्दल 'बसतो' म्हणणारी ती झाडीकडची बोली आणि तिच्यातला तो हट्ट माझ्या लक्षात राहिला आहे. दुसरी एक मात्र म्हणाली, "माह्या अंगावर असताना टोचू नका जी. तो मलेच वैरी समजंल." दोघींचेही म्हणणे आपण मानले पाहिजे. दुसरीला पर्याय आहे: टोचताना बाप किंवा आजी धरेल, आणि ती नंतर. जॉन्स्टन यांच्या २०११ च्या प्रयोगात बापाची छातीही कामी आली. आईची किंचित सरस ठरली इतकेच.

मग करावे काय? खर्चाची बाब फारशी नाही. रक्ताचे नमुने शक्य तेवढे एकदम घ्यावेत आणि वेळ आईला आधी सांगावी. तिने जेवलेले असावे. टाके दुखत असतील तर तिला तिची वेदनाशामक गोळी मिळालेली असावी. बाळाच्या वेदनेसाठी धडपडताना बाळंतिणीची वेदना विसरणे हा आपल्याकडचा जुनाच विनोद आहे. पाठ टेकेल अशी खुर्ची, पायाखाली छोटे स्टूल. किमान १५ मिनिटे आधी बाळ छातीशी, आणि टोचून झाल्यावर चेहरा निवळेपर्यंत तसेच. जिभेवर आईच्याच दुधाचे काही थेंब. काय होणार, किती वेळ लागणार, हे तिच्या भाषेत दोन वाक्यांत सांगावे. 'घाबरू नका' असे म्हणण्याऐवजी तिला एखादे काम द्यावे: एक तळवा बाळाच्या डोक्यावर, दुसरा पाठीवर, आणि श्वास सावकाश सोडायचा. ओवी किंवा अंगाई गुणगुणणारी आई आपोआप लांब श्वास सोडते. हे तिला शिकवावे लागत नाही, फक्त कक्षात गुणगुणायला मनाई नाही एवढे सांगावे लागते. मोठ्या प्रक्रियांना मात्र कांगारू पद्धत हा भुलीचा पर्याय नव्हे, हे निराळे सांगण्याची गरज नसावी.

दुधाचेही असेच. नाइल्स न्यूटन व मायकेल न्यूटन या दांपत्याने १९४८ मध्येच दाखवले होते की, आईला वेदना दिली किंवा तिचे लक्ष उडवले की दूध सुटण्याची क्रिया अडते. 'दूध नाही' म्हणून ज्या मातांना आपण सांगतो, त्यांच्यातील कित्येकींना बाळ छातीवर ठेवल्यानंतर अर्ध्या तासात बोंडलेभर दूध निघालेले मी पाहिले आहे.

शासकीय पातळीवर दिशा अनुकूल आहे. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात आई-वडिलांना कक्षात घेऊन शुश्रूषेत सहभागी करण्याचा प्रयोग झाला आणि त्यावर आधारित मार्गदर्शक सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये काढल्या. दिल्लीचेच सफदरजंग रुग्णालय ज्यात सहभागी होते, त्या पाच देशांतील चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. १ किलो ते १७९९ ग्रॅम वजनाच्या ३,२११ बाळांपैकी ज्यांना जन्मताच, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या अंगावर ठेवले, त्यांच्यातील २८ दिवसांपर्यंतचे मृत्यू १२ टक्के होते, इतरांमध्ये १५.७ टक्के. यासाठी आईची खाट कक्षातच आणली गेली होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोज ८ ते २४ तास अशी शिफारस केली. खाट आत आणणे हे त्यातले खरे औषध, असे मला वाटते.

आपल्या जिल्ह्याची अडचण वेगळी आणि भूगोलातली आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही आपली राजधानी होती; राज्याची सीमा बदलली तरी आजाऱ्याची वाट बदललेली नाही. बाळ गंभीर झाले की ते गोंदिया किंवा नागपूरला जाते. बाळ पुढे, आणि शस्त्रक्रिया झालेली आई मागे. तिच्या ताणाचे मोजमाप करायला कोणत्याही प्रश्नावलीची आवश्यकता नाही. शक्य तेथे दोघांना एकाच गाडीने पाठवावे. शक्य नसेल तर बापाला किंवा आजीला बाळाबरोबर पाठवून कांगारू पद्धतीची माहिती निघण्यापूर्वीच द्यावी. मागे राहिलेल्या आईचे काढलेले दूध आणि रोजचा एक फोन, एवढी व्यवस्था तरी डॉक्टरांनी आपसांत लावावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ आई उदास, झोप उडालेली, बाळाकडे पाहावेसे न वाटणारी असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. १४४१६ हा टेली-मानसचा निःशुल्क क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे.

मंडळाच्या सभासदांना, विशेषतः डॉक्टर नसलेल्यांना, एक सुचवावेसे वाटते. रुग्णालयाला देणगी म्हणून पंखे आणि पाण्याचे कूलर पुष्कळ येतात, आणि त्यांवर दात्यांची नावेही ठळक असतात. पाठ टेकायच्या, हात असलेल्या खुर्च्या कोणी देत नाही, सहा पुरेत. आणि पोवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या दोन भगिनी, नमुने घेण्याच्या वेळी, रुग्णालयाच्या परवानगीने तासभर मातांच्या शेजारी येऊन बसल्या, तर त्या भाषेत 'आता टोचतील हं, मोजून एवढाच वेळ' असे सांगणारे कोणीतरी तेथे असेल.